गुडघ्याच्या झिजेवर लावायचे जेल: उपयोग खरोखर होतो का?

प्रश्न:
माझ्या आईचे वय 68 आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते आणि जिना उतरताना तिला विशेष त्रास होतो. रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिअ‍ॅटिनिनही थोडे वाढलेले आहे. म्हणून डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या बंद करून डायक्लोफेनॅकचे जेल लिहून दिले. ती ते रात्री झोपताना बोटभर लावते, वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेकते, आणि काहीच फरक पडत नाही असे म्हणते. वरून लावलेले औषध सांध्यापर्यंत पोहोचते का?

प्रतिसाद 1:
मी औषधविक्रेता आहे. औषध पोहोचते, कारण गुडघ्याचा सांधा त्वचेपासून फार खोल नाही. खुब्याच्या सांध्याबाबत मात्र असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी अशा जेलची शिफारस केली आहे. आपल्या आईंच्या बाबतीत अडचण बहुधा मात्रेची आहे. एक टक्का डायक्लोफेनॅक जेलची प्रौढांसाठीची मात्रा एका गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून चार वेळा अशी असते. या हिशेबाने 30 ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही, आणि खर्चाच्या धास्तीने बहुतेक लोक ती महिनाभर पुरवतात. मूत्रपिंडाचा प्रश्न असल्यामुळे आईंना किती लावायचे, हे डॉक्टरांना ग्रॅममध्ये विचारून घ्यावे. जेल लावल्यावर वरून शेक देऊ नये, घट्ट पट्टीही बांधू नये. त्यामुळे औषध रक्तात अधिक शोषले जाते.

प्रतिसाद 2:
ट्यूबवरील घटक अवश्य वाचावेत. आपल्याकडील अनेक जेलमध्ये डायक्लोफेनॅकसोबत मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉलही असते. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये मिथाइल सॅलिसिलेटमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मिरचीतील कॅप्सेसिनचे क्रीम हा दुसरा पर्याय आहे. त्याने सुरुवातीला आग होते, परिणाम दिसण्यास काही आठवडे नियमित लावावे लागते आणि नंतर हात नीट न धुता डोळ्यांना लावल्यास फार त्रास होतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा आग्रह असा, की दुखणे थोडे उतरले की त्याच काळात मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातील गादी, जेलने भरून येत नाही. गुडघ्यावरील भार पेलायला बळकट स्नायूच लागतात.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आई वॉरफेरिन घेत नाही. जेल असल्यामुळे मूत्रपिंडाला धोका अजिबात नाही, असे मानावे का?

प्रतिसाद 1:
तसे मानू नये. गोळीच्या तुलनेत जेलमधून साधारण सहा टक्केच औषध रक्तात जाते, त्यामुळे धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. सोबत तशीच वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि क्रिअ‍ॅटिनिनची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करावी. पायांवर सूज आली किंवा लघवी कमी झाली, तर जेल थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.