गच्चीवरच्या वेधशाळेत नवीन ८ इंची दुर्बीण बसवली, पण तारा ठिपका दिसतच नाहीये

गच्चीकर:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात घराच्या गच्चीवर ८ बाय ८ ची पत्र्याची खोली केलीय, छप्पर सरकतं, स्लायडिंग गेटची चाकं आणि अँगलचे रूळ, सगळं इथल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून. त्यात नवीन ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, फोकल लेंग्थ १२०० मिमी) इक्वेटोरियल माउंटवर (ज्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो ती बैठक) चढवली आणि तीन रात्री नुसता वैताग चाललाय. १० मिमीच्या आयपीसने (डोळा लावायचं भिंग), म्हणजे १२० पट करून व्याध बघितला तर उकळत्या दुधासारखं काहीतरी, वर एका बाजूला शेपूट. मी नुसता पाय बदलला तरी तारा तीन-चार सेकंद थरथरतो. दुर्बीण ज्यावर उभी तो पिलर ६ इंची लोखंडी पाइपचा, स्लॅबला अँकर बोल्ट मारलेत. आणि ध्रुवतारा शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे!! आपल्याकडे तो जेमतेम पावणेअठरा अंशांवर, खोली बांधताना डोक्यातच आलं नाही. आरसाच खराब आलाय का? परत पाठवू का?

मृग७७:
परतबिरत काही पाठवू नका एवढ्यात. मुळात व्याधावर टेस्ट करू नका हो, तो इतका झगझगीत की हवा जरा हलली तरी नाचतो. डोक्यावर असलेला मध्यम तेजाचा तारा घ्या, फोकस थोडा आत मग थोडा बाहेर करून बघा. कडी गोल आणि मधली काळी सावली बरोब्बर मध्यात हवी, सावली सरकलेली असेल तर कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) गेलंय, स्क्रू फिरवून जमतं. चकतीतून धूर चढल्यासारखा दिसला तर ती गरम हवा. छप्पर किती वाजता उघडता? दिवसभर तापलेला स्लॅब आणि पत्रा, आरसा अजून कोमट, मग तारा उकळणारच. ऊन उतरलं की उघडून ठेवा, दोन तास तरी. शेपटासाठी आधी आयपीस फिरवा, मग मान तिरकी करून बघा. मी दोन महिने दुर्बिणीला शिव्या घातल्या आणि शेपूट निघालं माझ्याच डोळ्याच्या सिलिंड्रिकल नंबरचं 😅

स्लॅबवाला:
पिलर स्लॅबच्या मध्यभागी ठोकलाय ना? तिथेच तर स्लॅब सगळ्यात जास्त लवतो. कॉलमच्या डोक्यावर, नाहीतर निदान बीमवर घ्या. ते शक्य नसेल तर लाकडी फळ्यांची वेगळी जमीन करा, तिचं वजन कडेला जाऊ दे आणि पिलरभोवती दोन बोटं फट ठेवा, फळी पिलरला टेकली की सगळं मुसळ केरात. पाइपमध्ये कोरडी वाळू भरा, थरथर लवकर मरते. आणि हो, बोल्टच्या भोकांचं वॉटरप्रूफिंग केलंय ना दादा? नाहीतर जूनमध्ये खालच्या खोलीत बादली लावावी लागेल.

ढगाळ_रात्र:
माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावायला ध्रुव दिसायलाच हवा असं नाही, ड्रिफ्टने करा, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून. आत्ता फेब्रुवारीत नऊच्या सुमारास मृगाच्या पोटातला बाण मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) येतो, त्यातला पहिला उगवणारा तारा मिंटाका जवळपास आकाशातल्या विषुववृत्तावरच आहे. रेघांच्या आयपीसमध्ये धरा, मोटर चालू, उत्तर-दक्षिण सरकणंच फक्त बघायचं, पूर्व-पश्चिम सोडून द्या. दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेला झुकलाय, उत्तरेकडे गेला तर पश्चिमेला. मग पूर्वेला खाली वासुकीतला आल्फार्ड तारा घ्या. दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर. पहिल्या दिवशी तास-दीड तास जाईल, पण पिलर पक्का म्हणजे पुन्हा करायची गरज नाही. म्हणून आधी पिलर हलवा, मगच हे.

गच्चीकर:
सगळ्यांना धन्यवाद _/\_ काल साडेपाचलाच छप्पर उघडलं. सावली चांगलीच सरकलेली होती, दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवून मध्यात आणली, शेपूट गेलं. दहानंतर पुनर्वसूतला कॅस्टर हा जोडतारा लावला, दोन तारे स्वच्छ वेगळे, मध्ये काळी फट!! आईला वर बोलावून दाखवलं. आरसा ठीक आहे म्हणजे. थरथर अजून तशीच, कॉलम नेमका कोपऱ्यात आलाय, त्यामुळे पिलरबरोबर अख्खी खोली सरकवावी लागणार. आणि त्या कोपऱ्यात आई कुरडया वाळत घालते, तिथे अजून बोलणी चालू आहेत.