बोटीवर खोकला नको

काही जण विचारतात, मिशनऱ्यांनी ॲमेझॉनच्या जंगलात बोटीने आदिवासी गावांत जाऊन प्रार्थना केली, औषधं दिली तर कुणाचं काय बिघडतं? औषधांचं मला पटतं. आमच्या ठाण्याच्या चर्चमधल्या एक नर्सताई ब्राझीलमधल्या मनौस शहरातून रिओ नेग्रो नदीवर अशाच बोटीने गेल्या होत्या. रात्री डेकवर झोळ्या बांधून झोपायचं, उजाडताच दुखरे दात दाखवायला आलेल्या होड्यांची रांग. पण निघताना खोकला असलेल्या एका सोबत्याला बोटीवर घेतलंच नाही, आणि ते बरोबरच केलं.

बाहेरच्यांशी संबंध न आलेल्या जमातींतली गावंच्या गावं गोवर-फ्लूने संपली आहेत. म्हणून तर ब्राझील सरकारने १९८७ पासून त्यांच्याशी आपणहून संपर्क न करण्याचं धोरण ठेवलंय. २०२०मध्ये कोविडच्या वेळी अशा जमाती राहतात त्या ब्राझीलमधल्या जावारी खोऱ्यात जायला मिशनऱ्यांना कोर्टाने मनाई केली. मी दर रविवारी चर्चला जाते, तरी तो निकाल मला मनापासून पटला.