दसऱ्याची सुट्टी इकडे, दिवाळीची तिकडे: सणासुदीत थीम पार्कला गेलात का? अनुभव सांगा

परवा शेजारच्या मावशींनी गेटवरूनच विचारलं, "यंदा दसऱ्याला कुठं जाऊलास गे?" मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न आला, "आणि घट?" दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यावरूनच हा धागा काढतेय.

आपल्याकडचं सुट्ट्यांचं गणित बाहेरच्यांना सांगून समजत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथल्या शाळा मराठी माध्यमाच्या असल्या तरी वेळापत्रक कर्नाटकाचं. मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला जेमतेम तीन-चार दिवस. कोल्हापूर-पुण्याच्या भाचरांचं बरोबर उलटं. उन्हाळ्यात आमची मुलं एप्रिलच्या मध्याला मोकळी होतात, तेव्हा तिकडच्यांचे पेपर चालू असतात. त्यांना खरी सुट्टी लागते तोवर आमच्याकडे वह्या-पुस्तकांची खरेदी जवळ आलेली असते. सगळी भावंडं एकत्र करून कुठं जायचं तर मे महिन्याचे मधले दिवस, बस्स. आणि अंतर? खोपोलीचं इमॅजिका उत्तरेला चारशे किलोमीटर, बिडदीचं वंडरला दक्षिणेला बेंगळूर ओलांडून पाचशेच्या वर. आपण मधोमध.

मागच्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही वंडरलाला गेलो. घरी घट बसलेले. नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा, घराला कुलूप लावायचं नाही, हे आमच्यात कडक. सासूबाई म्हणाल्या, "मी राहते, तुम्ही पोरांना घेऊन जा. पण अष्टमीच्या आत परत या." रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली, सकाळी बेंगळूर, तिथून बसनं बिडदी. पार्क २००५ सालचं आहे, झाडं चांगली वाढलीत, त्यामुळे सावली आहे. मुलं लाटांच्या तलावातून बाहेर यायला तयार नव्हती. त्या सगळ्या दिवसातला माझ्या मनात राहिलेला क्षण मात्र पाळण्यावरचा नाही. संध्याकाळी ओल्या केसांनी लॉकरच्या रांगेत उभी होते आणि सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन घटासमोर धरला. धान्याचे कोंब बोटभर वर आलेले, दिव्याची ज्योत हलत होती. मागं लाऊडस्पीकरवर कन्नड गाणं, पुढं माझी मुलगी टॉवेल गुंडाळून हात जोडतेय. आमची त्या दिवशीची आरती रांगेतच झाली. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं आणि त्यांनीही हात जोडले.

तुम्ही सणाच्या दिवसांत असं कुठं गेला असाल तर लिहा. घरचे काय म्हणाले, काय जमलं, काय राहून गेलं. पार्क परदेशातलं असलं तरी चालेल.

निपाणी

आमची बहीण पुण्याला दिलेली. भाऊबीजेला दरवर्षी मी तिच्याकडे जातो, पण दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा म्हणून जेवण होताच परत फिरायचं. एका वर्षी भाऊबीज शनिवारी आली. भाची म्हणाली, "मामा, या वेळी आपण पार्कातच भेटू." पुण्याकडच्या एका पार्कात. पहाटे चारला निपाणी सोडली.

बहिणीनं डबे भरून आणले होते. करंज्या, चकल्या, कडबोळी, आणि माझ्यासाठी वेगळ्या डब्यात बेसनाचे लाडू. गेटवर सांगितलं की बाहेरचं खाणं आत चालणार नाही. नियम त्यांचा, फलकावर लिहिलेला होता, पण सणाच्या दिवशी बहिणीच्या हातचा लाडू काउंटरवर ठेवून जा म्हणणं मला फार लागलं. बहीण मात्र गोंधळली नाही. "गाडीकडे चल," म्हणाली. पार्किंगमध्ये डिकी उघडली, डिकीच्या काठावर वर्तमानपत्र अंथरलं, ताम्हन काढलं. निरांजन वाऱ्यानं टिकेना, तेव्हा भाचीनं दोन्ही हातांची ओंजळ भोवती धरली. मी डिकीत पाय खाली सोडून पूर्वेकडे तोंड करून बसलो. कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं रीतसर. शेजारच्या गाडीतल्या दोन भावांना बहीण नव्हती, तिनं त्यांनाही ओवाळलं. लाडू तिथंच उभ्यानं खाल्ले आणि मग आत गेलो.

आत काय काय पाहिलं ते आता नीट सांगता येणार नाही. ताम्हनातल्या तुपाचा डाग मात्र गाडीच्या डिकीत अजून आहे, मी तो पुसलेला नाही.

शहापूर, बेळगाव

लहानसा अनुभव आहे, पण बायकांनी वाचावा. आमच्या भागात रंग रंगपंचमीला, बाकी गावात धुळवडीला. धुळवडीला सुट्टी मिळाली म्हणून त्या दिवशी आम्ही वॉटर पार्कला गेलो. रंग आत नेऊ देत नाहीत. कारण विचारलं तर तिथल्या माणसानं नीट समजावलं: तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात, रंग गेला की गाळणी तुंबते. पटलं. साडी किंवा सुती कपड्यानं पाण्यात उतरता येत नाही, नायलॉनचेच कपडे लागतात. माझी आई काठावर बसून राहिली. तिसऱ्या तासाला मी तिच्यासाठी बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा पोशाख भाड्यानं आणला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. आधीच चौकशी करून घरूनच शिवून न्या. तीन तास वाया जायला नकोत.

संकेश्वरजवळचा, सध्या बाहेरगावी

मी पलीकडून लिहितोय, म्हणजे तुम्ही ज्या पाळण्यात बसता तो चालवणारा. आयटीआय करून एका पार्कात चार वर्षं काम केलं.

सणाचा दिवस आमच्यासाठी सगळ्यात लांब दिवस. तुम्ही यायच्या आधी दोन-अडीच तास आम्ही हजर असतो. आधी रुळाच्या कडेनं चालत जाऊन नट-बोल्ट बघायचे, मग गाडी रिकामी सोडायची. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ब्रेक कुठे लागतो, आवाज बदललाय का, हे कानानंच कळायला लागतं. मग प्रत्येक सीटचा दांडा हातानं ओढून बघायचा. वहीत सही झाल्याशिवाय गेट उघडत नाही. लोक म्हणतात, एवढी रांग असताना मधेच का थांबवता? वीज चमकली, वारा वाढला, एखादा सेन्सर बोलला, की थांबवायलाच लागतं. रांगेतले ओरडतात, ते ऐकायचं आणि थांबायचं, हेच तर आमचं काम.

सगळ्यात जड काम उंचीची काठी धरायचं. सणाला नवे कपडे घालून आलेलं पोर, दोन तास रांगेत उभं, आणि दोन बोटं कमी भरतं. बाप म्हणतो, "सणाचा दिवस आहे, सोडा की." मी नाही सोडलं कधी. दांडा मोठ्या अंगाच्या मापाचा असतो, लहान पोर त्याखालून सरकू शकतं. पण त्या पोराचं तोंड रात्री डोळ्यासमोर येतं.

खंडेनवमीला सकाळी मशिनची पूजा असायची. कंट्रोल पॅनलला झेंडूची माळ, खाली लिंबू, कोहळा फोडायचा. दसऱ्याला घरी कधीच जाता आलं नाही. एका दसऱ्याला रांगेतून आवाज आला, "अगे चल की गे लवकर!" मान वर केली. "गे" असं आमच्याकडचंच माणूस म्हणणार. विचारलं तर वडगावचे निघाले. त्यातल्या आजींनी पदराची गाठ सोडली आणि आपट्याची चार पानं माझ्या हातावर ठेवली. "सोनं घे, बाळा." ड्युटीवर वाकता येत नव्हतं, मी नुसती मान लववली. माझ्याबरोबर गदगचा एक जण होता, त्याला दोन पानं दिली. त्यांच्यात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात, तरी त्यानं ती कपाळाला लावली आणि म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. पानं मी वहीत ठेवली, जिथं सकाळी सही करायची त्याच पानात.

चिक्कोडी, प्राथमिक शिक्षिका

आमच्या मुलांना पाचशे किलोमीटरवरचं पार्क कुठून परवडणार? डिसेंबरात शाळेची सहल निघते ती कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाला. सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम म्हणजे आमच्या मुलांचं थीम पार्कच. माणसाच्या उंचीचे सिमेंटचे पुतळे: लोहार भाता ओढतोय, न्हावी हजामत करतोय, बायका जात्यावर बसल्यात, पेरणी चाललीय.

बैलजोडीसमोर माझी चौथीतली एक मुलगी थांबून राहिली. मला वाटलं दमली असेल. तिनं विचारलं, "बाई, ह्या बैलांचा बेंदूर कधी असतो? आमचा की कोल्हापूरचा?" बेंदूर म्हणजे बैलांचा सण, पोळ्यासारखा. तिचं बरोबर होतं. आमच्याकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमाराला, पलीकडे महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. तिच्या बाबांनी एक बैल पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलच्या बाजारातून आणलेला, त्यामुळे घरात हा प्रश्न खरोखर निघालेला असणार. मी म्हटलं, दोन्ही. ती खूश होऊन पुढे गेली.

अथणी

आमच्या बाजूला संक्रांतीला घरात बसत नाहीत, नदीवर जातात. कृष्णेत अंघोळ, मग वाळूत बसून तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भरली वांगी, शेंगांची पोळी, दही. त्यामुळे सणाला घर सोडायचं का, हा प्रश्न आम्हाला पडतच नाही. गेली काही वर्षं भावकीतले सगळे टेम्पो करून आलमट्टीला जातो. दुपारी नदीकाठी जेवण आणि मग धरणाच्या बागा. १९६४ साली लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, जलाशयाला नाव त्यांचंच. अंधार पडला की संगीत कारंजं. त्या दिवशी गर्दी इतकी की पोरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घालून ठेवा. आमचा पुतण्या अर्धा तास सापडत नव्हता, तो अर्धा तास मी विसरणार नाही.

खानापूर

लेक कॅलिफोर्नियाला असते. डिसेंबरात सहा महिन्यांसाठी गेले होते, तेव्हा तिनं डिस्नेलँडला नेलं. १९५५ साली उघडलेलं, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. नाताळाची तयारी पाहून मला आपल्या गणपतीची आठवण झाली, कुठलाही कोपरा रिकामा नाही. दारातून आत गेल्यावर साठ फुटांचं झाड. होडीत बसवून देशोदेशींच्या बाहुल्या दाखवतात तिथंही नाताळासाठी सजावट बदललेली. लेक म्हणाली, १९९७ पासून दरवर्षी बदलतात.

रात्री आतषबाजी संपताना बर्फ पडायला लागला. लॉस एंजलिसकडे बर्फ कुठला? मी हात पुढे केला. तळव्यावर आला तो साबणाचा फेस, क्षणात विरून गेला. मला एकदम मलप्रभेचा घाट दिसला. माझी आई गोधड्या धुवायची, आम्ही पोरं फेस उडवायचो. नातीला सांगितलं. तिनं माझ्या केसांत ओंजळभर फेस घातला.

शेजारच्या दुसऱ्या पार्कात त्याच दिवसांत निरनिराळ्या लोकांचे सण मांडतात, त्यात दिवाळीही असते. घागरे घातलेल्या मुली नाचत होत्या. दिवाळी होऊन महिना झाला होता, तरी मी पर्समधला चिवडा काढून नातीच्या हातावर ठेवला. तिथं कुणी अडवलं नाही.

कडोली

आमचं पोरगं मे महिन्यात इमॅजिकाला जाऊन आलं. दिवाळीत नेहमीप्रमाणे अंगणात किल्ला. शेतातली लाल माती, पोत्यावर कालवून थापलेली, हळीव पेरलेलं. यंदा राजगड होता. सुवेळा माचीच्या खाली त्यानं खराट्याच्या काड्या आणि बांगड्यांचा आकाशपाळणा उभा केला. आजोबा रागावतील अशी मला भीती होती. त्यांनी चष्मा लावून, वाकून बराच वेळ पाहिलं. प्रत्येक बांगडीत एकेक मावळा बसवलेला. पाळण्याच्या पायथ्याशी आणखी एक मावळा वेगळा उभा, हातात काठी.

"हा भालदार का रे?" आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा, तो उंची मोजतोय."