जुना ग्राफिक इक्यू क्लीन बूस्ट म्हणून लावलाय, पण सोलोला आवाज वाढत नाही, फाटतो

नौपाडा_सहातारी
सात स्लायडरचा जुना ग्राफिक इक्यू (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारा) गिटार पेडल आहे, १९८० च्या दशकातला, सेकंडहँड घेतलेला. पट्ट्या १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ, मग १.६ के (किलोहर्ट्झ), ३.२ के, ६.४ के. शेवटी लेव्हलचा स्लायडर. सगळे अधिक-उणे १५ डीबी. सोलोच्या वेळी क्लीन बूस्ट म्हणून, म्हणजे न फाटता आवाज वाढवायला, वापरायचाय.

चेन अशी: हंबकरवाली (जोरदार सिग्नलच्या दुहेरी कॉइल पिकअपची) गिटार, इक्यू, ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा पेडल), डिले (प्रतिध्वनी देणारा), ३० वॉटचा ट्रान्झिस्टर काँबो (ॲम्प आणि स्पीकर एकत्र). पॉवरला प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड (बाकीच्यांशी न जोडलेलं) असलेला ९ व्होल्टचा सप्लाय.

अडचणी चार. एक, सगळे स्लायडर मध्यावर ठेवून लेव्हल +१० केली तरी ओव्हरड्राइव्ह चालू असताना आवाज जेमतेम वाढतो, घाण मात्र वाढते. दोन, ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून जोरात स्ट्रम केलं तर +५ लाच फाटतं. तीन, इक्यूचा एलईडी मिणमिणता आहे. चार, ८०० चा स्लायडर सरकवताना खरखर आणि चालू केल्यावर सतत हिस (सूंसूं आवाज). पेडल खराब आहे की माझी मांडणी चुकतेय?

ऐरोली_लूपवाला
पहिली अडचण मांडणीची आहे. ओव्हरड्राइव्हच्या आत सिग्नल डायोडवर कापला जातो. त्याच्या आधी कितीही बूस्ट द्या, डायोडची उंची तेवढीच राहते. वाढतं ते फक्त कापलं जाणं, म्हणजे गेन. इक्यू ओव्हरड्राइव्हच्या नंतर आणि डिलेच्या आधी आणा, तिथे लेव्हल वाढवली की खरोखर आवाज वाढेल. डिलेच्या नंतर ठेवलात तर बूस्ट बंद करताच मागे राहिलेले रिपीटही दबतात, ते कानाला खटकतं.

काँबोला इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या मधोमध पेडल जोडायची वाट) असेल तर तिथेही चालेल, पण आधी लेव्हल शून्यावर ठेवून ऐका. काही लूप +४ डीबीयूवर चालतात, म्हणजे १.२३ व्होल्ट आरएमएस, शिखराला पावणेदोन व्होल्ट. एवढा सिग्नल आत येत असेल तर ९ व्होल्टच्या पेडलकडे वर जायला फार जागा उरत नाही.

अजून एक गोष्ट जॅमरूममध्ये हटकून विसरली जाते. ३ डीबी वाढवायला ॲम्पला दुप्पट वॉट लागतात. ३० वॉटचा काँबो ऱ्हिदमलाच शेवटाला टेकलेला असेल तर सोलोसाठी ६० वॉट आणणार कुठून? मग पेडल कितीही चांगला असो, फाटणारच. ऱ्हिदमचा मास्टर खाली घ्या, ड्रमरला सांगून सगळ्यांचा आवाज त्या हिशोबाने बसवा आणि वरचे ५-६ डीबी सोलोसाठी राखून ठेवा.

वाशी_सोल्डर
वरचं बरोबर, पण दुसरी आणि तिसरी अडचण एकच आहे आणि ती पॉवरची आहे. ॲडाप्टरच्या भोकापाशी किंवा तळाच्या स्टिकरवर "एसीए" लिहिलंय का बघा. तुम्ही दिलेल्या पट्ट्या बॉस जीई-७ च्या आहेत, तो १९८१ पासून बनतोय आणि त्या काळचे पेडल एसीए पद्धतीचे होते. ते १२ व्होल्टच्या अनरेग्युलेटेड ॲडाप्टरसाठी बनवलेले. आत ऋण बाजूला एक डायोड आणि एक रेझिस्टर असतो, तो जास्तीचा व्होल्टेज खाऊन सर्किटला ९ च्या आसपास देतो. तुम्ही आजचा रेग्युलेटेड ९ व्होल्ट दिलात की त्यातलाच अडीच-तीन व्होल्ट तिथे जातो. एलईडी त्यामुळेच मिणमिणतो.

आता हिशोब बघा. ९ व्होल्टवर ऑपॲम्पचा (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचा) मध्य ४.५ ला बसतो. ४५५८ जातीचा ऑपॲम्प दोन्ही टोकांना साधारण दीड-दीड व्होल्ट सोडतो, म्हणजे सिग्नलला वर-खाली ३ व्होल्ट मिळतात. हंबकरवर जोरात स्ट्रम केलं की शिखर सहज १ व्होल्टला जातं. म्हणजे तिप्पट करायला जागा आहे, तिप्पट म्हणजे साडेनऊ डीबी. पण सर्किटला ६ व्होल्टच मिळत असतील तर वर-खाली दीडच व्होल्ट उरतो. दीडपट म्हणजे साडेतीन डीबी. +५ ला का फाटतं ते यातच आलं. आणि पूर्ण +१५ म्हणजे ५.६ पट, ते ताज्या सेलवरसुद्धा हंबकरला क्लीन मिळणार नाही. कमी सिग्नल देणाऱ्या सिंगल कॉइल पिकअपला मिळेल, तेही काठावर.

मोजून खात्री करा. तळाचे चार स्क्रू काढा, मधला प्लास्टिकचा इन्सुलेशन कागद जपून बाजूला ठेवा. इनपुटला केबल लावलेली असू द्या, नाहीतर सेलवर पेडलला पॉवरच मिळत नाही. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या दोन पायांत मोजा. पेडल ऑन करून मोजा, कारण एलईडी लागला की व्होल्टेज अजून उतरतो. मग ॲडाप्टर काढून नवा ९ व्होल्टचा सेल लावा आणि तेच परत मोजा.

नौपाडा_सहातारी
एसीए लिहिलेलं आहे. मोजलं: ॲडाप्टरवर ६.२, नव्या सेलवर ९.१. सेलवर एलईडी लख्ख आहे आणि +८ पर्यंत फाटत नाही. पण कायम सेलवर चालवायचा नाहीये. साध्या डेझी चेनवर (एका ॲडाप्टरची अनेक तोंडांची वायर) हेच पेडल नीट चालतं असं सांगतात, ते खरं का?

वाशी_सोल्डर
खरं आहे, कारणही साधं आहे. डेझी चेनमध्ये सगळ्या पेडलचा ऋण एकच. शेजारच्या आधुनिक पेडलमध्ये ऋण थेट ग्राउंडला जोडलेला असतो. पॅच केबलच्या जाळीतून तुमच्या इक्यूचं ग्राउंड त्याला मिळतं, रेझिस्टर आणि डायोडला वळसा पडतो आणि पूर्ण ९ व्होल्ट मिळतात. तुमच्या सप्लायची आउटपुट आयसोलेटेड आहेत, त्यामुळे ही वाट बंद आहे. चांगला सप्लाय आणि जुना पेडल यांचं इथेच बिनसतं.

उपाय तीन. सप्लायवर १२ व्होल्टचं आउटपुट असेल तर ते एसीए पेडलला द्या, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. नसेल तर एका ९ व्होल्ट आउटपुटवर दोन तोंडांची केबल लावून इक्यू आणि ओव्हरड्राइव्ह एकत्र चालवा, दोघांत पॅच केबल असायलाच हवी. तिसरा, आतला रेझिस्टर आणि डायोड वायरने जोडून टाकायचे. मात्र त्यानंतर त्या पेडलला १२ व्होल्टचा जुना ॲडाप्टर कधीच लावायचा नाही. अनरेग्युलेटेड ॲडाप्टर बिनलोडचा १६ व्होल्टलाही जातो आणि आतले कपॅसिटर बहुतेक १६ व्होल्टचेच असतात. हे काम केलंत तर भोकाशेजारी "फक्त ९ व्होल्ट रेग्युलेटेड" असा स्टिकर लावा, पुढच्या मालकासाठीही.

जास्त हेडरूमच्या (फाटण्याआधीच्या जागेच्या) मोहाने १८ व्होल्ट देऊ नका. काही नवे इक्यू १८ वर चालतात, हा त्यासाठी बनलेला नाही.

कोपरखैरणे_कॅप
खरखर आणि हिसबद्दल. खरखर म्हणजे स्लायडरच्या कार्बन पट्टीवरचा मळ. स्लायडर वरून उघडे असतात आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा, जून ते सप्टेंबर धूळ तिथे चिकटूनच बसते. सेल आणि ॲडाप्टर दोन्ही काढा. स्लायडरच्या टोप्या सरळ वर ओढून काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा, मग फेडरसाठीचा, वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर नळीने फटीत थोडासाच मारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा सरकवा, अर्धा तास वाळू द्या. नुसतं आयसोप्रोपिल वापरलंत तर मळ जातो पण मूळचं ग्रीसही धुऊन जातं, स्लायडर इतका सैल होतो की बुटाच्या धक्क्याने सरकतो. दाराच्या बिजागऱ्यांना मारतात तो स्प्रे नकोच, त्याचा तेलकट थर नवी धूळ धरतो.

साफ करूनही सरकवताना टकटक राहिली तर तो मळ नव्हे, त्या पट्टीचा कपॅसिटर गळतोय आणि स्लायडरवर डीसी येतोय. हे १०० आणि २०० च्या पट्ट्यांत जास्त दिसतं, कारण तिथे जास्त मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतात. चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक तसेही बदलावेत. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, २५ व्होल्टचे घ्या, ध्रुव उलटे लावू नका. १ मायक्रोफॅरडच्या जागी फिल्म कपॅसिटर बसत असेल तर उत्तम. जुन्या बोर्डाचे पॅड पटकन उचकटतात, म्हणून सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आत, एका पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. सुटे भाग ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात. दादरला गाडी बदलून जा, रविवार टाळा.

हिससाठी लगेच ऑपॲम्प बदलायला जाऊ नका. आधी ६.४ के उणे ५ वर आणा. गिटारच्या स्पीकरमधून ५ के च्या वर फारसं काही येत नाही, तिथे जे ऐकू येतं ते बहुतेक हिसच. तरीही बदलायचाच असेल तर चिप नीट बघा: दोन ओळींत चार-चार पाय असतील तर ४५५८ च्या जागी टीएल०७२ सरळ बसतो. एकाच ओळीत आठ पाय असतील तर पायांचा क्रम वेगळा, तिथे सरळ बसवू नका. एनई५५३२ करंट जास्त खातो, एसीए रेझिस्टर जागेवर असेल तर व्होल्टेज अजून उतरेल.

कळवा_बेसकडून
सेटिंगबद्दल कोणी बोललंच नाही. सोलो वर येण्यासाठी नुसती लेव्हल +८ करू नका, बँडमध्ये तुमच्या खालच्या पट्ट्या माझ्या बेसवर आणि किकवर येऊन बसतात. १०० उणे ४, २०० उणे २, ४०० शून्य, ८०० आणि १.६ के +३, ३.२ के +१, ६.४ के उणे ५, लेव्हल +४. कमी डीबीत जास्त पुढे येतं.

ऐरोली_लूपवाला
ओव्हरड्राइव्ह लीडसाठी हे पटतं. पण मग तो क्लीन बूस्ट राहिला नाही, टोन बदलला. क्लीन आर्पेजिओ किंवा फिंगरपिकिंगचा तुकडा उचलायचा असेल तर सगळं मध्यावर, फक्त लेव्हल +५. आणि सातही स्लायडर +५ म्हणजे लेव्हल +५ नव्हे. शेजारच्या पट्ट्या एकमेकांवर चढतात, मधे उंचसखल होतं आणि प्रत्येक पट्टीचा हिस बेरजेत येतो.

एक अपवाद. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात ऑर्केस्ट्राला वाजवताना बऱ्याचदा ॲम्प नसतो, डीआयमधून (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) सरळ मिक्सर. तिथे स्पीकरची गाळणी नाही, ओव्हरड्राइव्ह माशीसारखा घोंघावतो. ६.४ के पूर्ण खाली, ३.२ के उणे ६ पर्यंत ओढा. तिथे लेव्हल +४ च्या वर नको, नाहीतर साउंडवाला तुमचा गेन खाली घेईल आणि ऱ्हिदम गायब होईल.

नौपाडा_सहातारी
ओव्हरड्राइव्ह आणि इक्यू एका आउटपुटवर दोन तोंडांच्या केबलने लावले, कपॅसिटरवर ९.० येतायत. इक्यू ओव्हरड्राइव्हनंतर, कळवाकरांची सेटिंग, लेव्हल +५: आता फाटत नाही, सोलो स्वच्छ वर येतो. क्लीनरने ८०० ची खरखर गेली. १०० चा मात्र सरकवताना टक करतो.

कोपरखैरणे_कॅप
म्हणजे १०० च्या पट्टीचा इलेक्ट्रोलिटिक. तो बदलेपर्यंत वाजवताना त्या स्लायडरला हात लावू नका, एका जागी ठेवलात तर टक येणार नाही. आणि चाचणीचा तो ९ व्होल्टचा सेल आत राहिला असेल तर काढून ठेवा, पावसाळ्यात फुटला तर क्लिप आणि बोर्ड दोन्ही खाईल.