शिकारीच्या रायफलीला सिंथेटिक स्टॉक बसवायचाय, कुठला घ्यावा?

ओलंरान

नमस्कार मंडळी. माझी रायफल बोल्ट अ‍ॅक्शन आहे. रेमिंग्टन ७०० च्या मापाची, लाँग अ‍ॅक्शन (लांब काडतुसाची यंत्रणा), काडतूस .३०-०६, नळी हलक्या स्पोर्टर जाडीची. दस्ता (स्टॉक) अक्रोडाचा, देखणा आहे. पण गेल्या हंगामात दोन दिवस पावसात भिजल्यावर १०० मीटरवर गोळी चांगली चार बोटं डावीकडे आणि थोडी वर पडायला लागली. दुर्बीण, तिची माउंटं, सगळे स्क्रू तपासले, काही सापडलं नाही. आठवडाभर घरात सुकल्यावर नेम आपोआप जागेवर आला. जखमी जनावर झाडीत निसटून जावं हे मला सहन होणार नाही, म्हणून पाण्यापावसाला हे लाकूड आता नको.

हॉग, बेल अँड कार्लसन, एच-एस प्रिसिजन, मॅकमिलन, मॅगपुल हंटर ही नावं चाळून झाली आणि गोंधळ वाढला. चढण खूप असते, म्हणून वजन कमी हवं. गोळी बहुतेक वेळा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा पाठपिशवीवर टेकवून झाडतो, अंतर २५० मीटरच्या आत. कुणी वापरून पाहिलंय का?

तिसरा पेच

नाव निवडण्याआधी एक काम करा. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. मग कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून पुढून मागे सरकवत न्या. अडते कुठे ते पाहा. नंतर पुढचा भाग बायपॉडवर टेकवा, वरून हाताने थोडा दाब द्या आणि तीच पट्टी पुन्हा घाला. तुमचं दुखणं बहुधा तिथेच आहे. लाकूड फुगलं की एका बाजूने नळीला रेटतं आणि गोळी दुसऱ्या बाजूला जाते.

ही चाचणी आधी सांगतोय त्याला कारण आहे. मीसुद्धा लाकडाला कंटाळून एक स्वस्त, साच्यात ओतलेला प्लॅस्टिकचा स्टॉक घेतला होता. पाण्याने तो फुगला नाही हे खरं, पण पुढचा भाग इतका लवचिक की बायपॉडवर भार दिला की नळीला टेकायचा. बाकावर वाळूच्या पिशवीवरून ग्रूप (गोळ्यांचा पुंजका) सुंदर, रानात बायपॉडवरून वेगळाच. पाऊस निदान आभाळात दिसतो, हा दोष डोळ्यांना दिसतही नव्हता. सिंथेटिक या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

ओलंरान

केली चाचणी. दस्ता आता कोरडा आहे, तरी पट्टी पुढच्या टोकाशी उजव्या बाजूला घासते. दाब दिला की अडतेच. म्हणजे उजवीकडून रेटा आणि गोळी डावीकडे, हिशेब जुळला!

कोरडी वात

मग तुम्हाला दोन गोष्टी हव्यात : ताठ पुढचा भाग आणि अ‍ॅक्शनखाली पक्की बैठक. बाकीचं नंतर.

तुमच्या यादीतल्या स्टॉकची जात एक नाही. हॉगमध्ये आत फायबरग्लासचा सांगाडा आणि वर रबर असतं. ओल्या हाताला पकड झकास, झुडपाला घासला तरी आवाज नाही. पण वजन तुमच्या चढणीला सोसणार नाही, आणि खांद्याला लावताना रबर कपड्याला अडतं. घेतलाच तर पूर्ण लांबीचा अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकवाला (अ‍ॅक्शन ज्यावर बसते तो ठोकळा) घ्या, नुसत्या पिलरचा (स्क्रूभोवतीच्या नळकांड्यांचा) नको. मॅगपुल हंटर मजबूत पॉलिमरचा, आत अ‍ॅल्युमिनियमची बैठक, लांबी कमीजास्त करता येते. चांगली वस्तू आहे, पण तीही हलकी नाही.

बेल अँड कार्लसनचा मेडॅलिस्ट आणि एच-एस प्रिसिजन हे थरांनी घडवलेले आणि आत अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक असलेले. तुमच्या कामाला माझं मत यांच्याकडे झुकतं. मॅकमिलन उत्तमच, पण बहुतेक मागणीनुसार घडवतात, त्यामुळे थांबायची तयारी हवी. आणि त्यात बेडिंग (अ‍ॅक्शनची इपॉक्सीने केलेली नेमकी बैठक) वेगळं करून घ्यावं लागतं.

अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक आहे म्हणून बेडिंग नकोच, असंही समजू नका. रायफल बसवून दोन्ही स्क्रू घट्ट करा. नळी आणि स्टॉकच्या टोकावर एकाच वेळी बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाला हालचाल जाणवली तर अ‍ॅक्शन ताणाखाली बसली आहे. मग इपॉक्सीचा पातळ थर द्यावा. रिकॉइल लगच्या (अ‍ॅक्शनखालच्या, धक्का पेलणाऱ्या ठोकळ्याच्या) पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली टेप लावून तिथे जागा सोडा. लगची फक्त मागची बाजू टेकली पाहिजे. सुटं करणारं मेण सगळीकडे लावा, स्क्रूच्या आट्यांतसुद्धा. एक जागा राहून गेली तर रायफल स्टॉकमध्ये कायमची चिकटते.

खांदेकरी

वजनाबद्दल बोलायलाच हवं. गोळी तीच असेल तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. ३.६ किलोची रायफल ३.२ वर आणली की धक्का सुमारे साडेबारा टक्के वाढतो. .३०-०६ ला हे जाणवतं, आणि धक्क्याला बिचकणारा माणूस चाप ओढताना झटका देतो. पायपीट वाचते हे मान्य, पण सोबत चांगला रिकॉइल पॅड (दस्त्याच्या मागच्या टोकाची रबरी गादी) घ्याच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंगाला बसणं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर गालाची उंची बरोबर. काळी कड दिसली तर नाही. जुने लाकडी दस्ते उघड्या माशी-खाचेसाठी घडवलेले असत. त्यावर दुर्बीण बसवली की गाल हवेत राहतो आणि धक्का गालफडावर येतो. गालाखालची कड सरळ आणि उंच असेल तर धक्का सरळ मागे जातो. लांबी (चापापासून पॅडच्या टोकापर्यंत) साधारण साडेतेरा इंच मिळते, पण तुम्ही जाड जाकीट घालून जात असाल तर मापही जाकीट घालूनच घ्या.

ओलंरान

अगदी तेच होतंय, माझा गाल तरंगतो. इतकी वर्षं मला ती माझी सवय वाटत होती. मेडॅलिस्ट पक्का करतो. मागवताना काय काय सांगायचं?

तिसरा पेच

लाँग अ‍ॅक्शन, उजवा हात, स्पोर्टर जाडीची नळी, आणि मॅगझिनखालची पट्टी बिजागरीची आहे की बंद तळाची. हे चुकलं तर बसणार नाही.

बसवताना तीन ठिकाणी लक्ष द्या. मॅगझिनची पेटी वर-खाली किंचित हलली पाहिजे. ती दाबली गेली की अ‍ॅक्शन वाकते. पुढचा स्क्रू फार लांब निघाला तर तो बोल्टच्या वाटेत येतो, म्हणून घट्ट केल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट पुढे-मागे करून पाहा. स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकला सहसा ६५ इंच-पौंड, म्हणजे साधारण ७.३ न्यूटन-मीटर. स्टॉकसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. मग कागदाची पट्टी पुन्हा, बायपॉडवर दाब देऊन.

आणि नेम नव्याने लावल्याशिवाय रानात जायचं नाही. नवीन स्टॉकमध्ये जुना शून्य उरत नाही. निदान दोन ग्रूप बायपॉडवरून आणि दोन पिशवीवरून झाडून पाहा, कारण तुम्ही तसेच झाडता.

खांदेकरी

अक्रोडाचा दस्ता विकू नका. नळीची खाच पुढून उजवीकडे थोडी घासून मोकळी करा. खाचेच्या आत आणि रिकॉइल पॅडखालच्या उघड्या लाकडावर सीलर चढवा. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं, कारण बाहेरून चकाकणाऱ्या दस्त्यातही त्या जागा पुष्कळदा कोऱ्याच असतात.

ओलंरान

पॅडचे स्क्रू काढून आत्ताच पाहिलं. आतलं लाकूड खरंच कोरं आहे, पॉलिशचा थेंबही नाही. स्टॉक येईपर्यंत हेच काम हातात घेतो. बायपॉडवरचे ग्रूप झाले की मापं इथेच टाकतो.