हवामान आणि वाणाच्या गुणांवरून बटाट्याचा एकरी अंदाज कसा बांधायचा?

वाशी_गाळा
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटसाठी मंचर, सातगाव पठार भागातल्या रब्बी बटाट्याचा एकरी अंदाज काढणीच्या महिनाभर आधी हवा आहे. चाळीस शेतांचा आठ हंगामांचा लागवड-काढणीचा हिशोब आणि रोजचं कमाल-किमान तापमान हाताशी आहे. वाण पुखराज, ज्योती, चिप्सोना. हंगामाचं सरासरी तापमान आणि वाणाचं नाव घालून केलेलं रिग्रेशन (जुन्या आकड्यांवर बसवलेलं समीकरण) जुन्या आकड्यांवर बसतं, नव्या हंगामात भरकटतं. वाणाचे कोणते गुण घालावेत?

ऐरोली_शेतीशास्त्र
वाणाचं नाव काढून टाका आणि उत्पादन तुकड्यांत मोडा. पानांनी किती प्रकाश अडवला, त्यातून कोरडं वजन किती बनलं, त्यातलं कंदात किती गेलं, आणि कंदात कोरडा भाग किती टक्के.

रब्बीत त्या भागात सूर्यप्रारण (सूर्यप्रकाशाची ऊर्जा) रोज चौरस मीटरला साधारण १७ मेगाज्यूल धरा. निम्मं पिकाच्या उपयोगाचं, म्हणजे ८.५. उगवणीनंतर ७५ दिवस सरासरी ६५ टक्के अडवलं तर ४१४ मेगाज्यूल. मेगाज्यूलला २.५ ग्रॅमने १,०३६ ग्रॅम, त्यातलं ७० टक्के कंदात म्हणजे ७२५ ग्रॅम. पुखराजचा कोरडा भाग १७ टक्के धरला तर एकरी १७३ क्विंटल, चिप्सोनाचा २१ धरला तर १४०. पाला तेवढाच, सूर्य तोच, तरी काट्यावर ३३ क्विंटलचा फरक! ही कमाल मर्यादा आहे. पाणी, खत, बेण्याचं वय यांमुळे प्रत्यक्ष आकडा बराच खाली येतो. तो मर्यादेच्या किती टक्के येतो ते तुमच्याच हिशोबातून काढा.

वाणाचे गुण म्हणून पक्वतेचे दिवस, पाला सरी झाकायला लागणारे दिवस, कोरडा भाग आणि उष्ण रात्री कंद धरण्याची ताकद एवढे पुरे.

पठारी_रब्बी
वरचे ७० टक्के स्थिर धरू नका, रात्रीची उष्णता नेमकी तिथेच मारते. बटाट्यासाठी पी-डे निर्देशांक वापरतात, म्हणजे तापमान पिकाला किती मानवतं याचे रोजचे गुण. ७ अंशांना शून्य, २१ ला १० गुण, ३० ला पुन्हा शून्य; मधले गुण सरळ रेषेने नाही, २१ पासूनच्या अंतराच्या वर्गाने घटतात. किमान, त्यापासून कमालकडे एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि कमाल अशा चार तापमानांचे गुण काढून त्यांना ५, ८, ८, ३ ने गुणायचं आणि बेरजेला २४ ने भागायचं. किमान १२, कमाल ३० असेल तर ७.४ येतात. किमान २१, कमाल ३१ असेल तर ६.५. कागदावर फरक जेमतेम एका गुणाचा, पण शेतात दुसऱ्या हवेत पाला माजतो आणि कंद कमी धरतात.

म्हणून लागवडीनंतर २५ ते ४५ दिवसांत किमान तापमान २० च्या वर राहिलेल्या रात्री मोजून वेगळा रकाना करा. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या लागवडीत हा आकडा चढतो. कुफरी सूर्या अशा रात्री बऱ्यापैकी सोसतो, तुमचे तिन्ही वाण तेवढे सोसत नाहीत.

प्रारण नासा पॉवर या नासाच्या हवामान-आकड्यांच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं. किमान तापमान मात्र तिथलं घेऊ नका. घाटमाथा आणि पठार त्याच्या एकाच चौकोनात येतात. महावेध या राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातलं, तुमच्या महसूल मंडळातल्या केंद्राचं घ्या.

घणसोली_आकडे
भरकटण्याचं कारण मोजणीतही आहे. ३२० ओळी दिसतात, पण हवामानाचे नमुने आठच. ओळी वाटेल तशा वाटून तपासलंत तर एकच हंगाम शिकण्यातही येतो आणि परीक्षेतही. एक पूर्ण हंगाम बाजूला ठेवून तपासा, आठही वेळा. हवामानाचे रकाने दोनच ठेवा. तीन वाणांवरून तीन-चार गुणांचा परिणाम शिकता येत नाही, म्हणून ते गुण वरच्या सूत्रात बाहेरून घाला. शेवटी निव्वळ वाणनिहाय सरासरीशी तुलना करा. तिच्यापेक्षा चूक कमी होत नसेल तर मॉडेल वापरू नका.

वाशी_गाळा
करपा आला तर सूत्र काय करणार?

पठारी_रब्बी
पाला जळाला त्या तारखेला प्रकाशाची बेरीज थांबवायची. आणि महिना आधीचाच अंदाज हवा असेल तर लागवडीनंतर ६० व्या दिवशी चाचणी खोदाई कराच. दोन सऱ्यांत ६० सेंटिमीटर असेल तर सरीचे १.६७ मीटर म्हणजे एक चौरस मीटर. बांधापासून आत, दहा ठिकाणी खोदा, माती झाडून वजन घ्या. दहा दिवसांनी पुन्हा. चौरस मीटरला सरासरी पहिल्यांदा १.२ किलो, नंतर १.७ भरलं तर रोज ५० ग्रॅम, म्हणजे एकरी दिवसाला दोन क्विंटल. पाला हिरवा असेपर्यंत हा वेग साधारण टिकतो, पिवळा पडू लागला की घसरतो. विक्रीचा अंदाज हवा असेल तर गोळी (बारीक कंद) आणि हिरवा माल वेगळा तोला.