मदत हवी आहे: घरी पॉवर कंडिशनर बनवला, हम जायच्या ऐवजी वाढला

चाळकरी_७८:
मंडळी जरा अर्जंट आहे. गाणी ऐकताना सारखा हम, म्हणजे गुणगुण, येतो म्हणून घरीच पॉवर कंडिशनर (लाईटमधला कचरा गाळणारा बॉक्स) बनवला. फ्यूज, एमओव्ही (व्होल्टेजचा झटका आला तर गिळणारा), फेज-न्यूट्रलच्या मध्ये एक्स कपॅसिटर, १० मिलिहेन्रीचा कॉमन मोड चोक (तारेची गुंडाळी), पुढे फेज आणि न्यूट्रलकडून अर्थला दोन कपॅसिटर, सगळं डायग्रामप्रमाणे, पत्र्याच्या बॉक्सात सहा सॉकेट. दोन शनिवार गेले आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तीन फेऱ्या. काल रात्री लावला तर हम दुप्पट!! चोक छोटा पडतोय का? मोठा टाकू का? सहाच्या आत सांगितलंत तर आजच जाऊन घेऊन येतो, उद्या रविवार, दुकानं बंद.

सोल्डरवाला:
हम स्पीकरमधून येतो की ॲम्पच्या पेटीतून? व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येतो का? ॲम्पला काय काय जोडलंय? चोकचं नंतर बघू.

चाळकरी_७८:
स्पीकरमधून. ॲम्प नेहमीचाच आहे हो, इंटिग्रेटेड, त्याने काय फरक पडतो. चोक सांगा ना.

मुलुंडचा_मोहन:
माझा अनुभव सांगतो. फिल्टर वगैरे भानगडीत पडूच नका, सरळ सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज १९० पर्यंत यायचं, एसीचा कॉम्प्रेसर धापा टाकायचा, सर्व्हो बसवल्यापासून काटा २३० वर खिळल्यासारखा, आज सहा वर्षं झाली बघायला लागलेलं नाही.

सोल्डरवाला:
मोहनराव, त्यांचं व्होल्टेज कमी आहे असं ते कुठे म्हणाले? स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, त्याने हम जात नाही.

मुलुंडचा_मोहन:
मी आपला अनुभव सांगितला. ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा.

खर्ज:
ऐकताना ‘ऊंऽऽ’ असा जाड आवाज येतो की ‘झर्रर्र’ असा खरखरीत? आपली लाईट ५० हर्ट्झची. नुसता ५० चा हम असेल तर तो हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो, खूप खालच्या सप्तकात. मी पेटी घेऊन जुळवून बघितलाय, मित्राच्या घरी इतका स्वच्छ यायचा की त्याच्यावर तानपुरा लावता आला असता, फक्त चढा. पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झाले असतील तर मात्र १०० चा येतो, आणि पंख्याचा रेग्युलेटर असेल तर झर्रर्र. पंखा बंद करून बघितलात का?

चाळकरी_७८:
ऊंऽऽ आहे. पंख्याने फरक नाही. पेटी आमच्याकडे नाही 😐

अभ्या७९:
त्या सहा सॉकेटपर्यंत वायर कुठली वापरलीत? कॉपर शुद्ध नसेल तर असं होणारच. माझी पॉवर केबल चांदीचा मुलामा दिलेली आहे, लावल्या दिवसापासून बॅकग्राउंड काळंकुट्ट झालं, लोक हसतात पण कानांना कळतं.

सोल्डरवाला:
अभ्या, सबस्टेशनपासून चाळीपर्यंत ॲल्युमिनियम आणि शेवटचा दीड मीटर चांदी, बरं. ते राहू दे. चाळकरी, तुमचा फिल्टर या आजारावरचं औषधच नाही. १० मिलिहेन्रीचा चोक आणि असल्या फिल्टरमधले कपॅसिटर काही किलोहर्ट्झच्या वरचा कचरा अडवतात, म्हणजे चार्जर, एलईडी बल्बचे ड्रायव्हर, इंडक्शन शेगडी वगैरे. ५० हर्ट्झ तर साक्षात तुमची लाईट, ती फिल्टरने अडवली तर ॲम्प चालणार कशावर? चोक दहापट मोठा टाकलात तरी ऊंऽऽ तसाच राहणार. तेव्हा लॅमिंग्टन रोडची चौथी फेरी वाचवा. आता एक करा, ॲम्पच्या मागच्या सगळ्या ऑडिओ वायरी काढा, फक्त स्पीकर ठेवा, आणि ऐका.

चाळकरी_७८:
काढल्या. एकदम शांत!! म्हणजे ॲम्प चांगला आहे. मग हम टीव्हीच्या वायरीने येत होता तर. पण एक गंमत, मगाशीपर्यंत बॉक्सला हात लावला तर काही नव्हतं, आता वायरी काढल्यापासून पत्र्याला झिणझिण्या येतात. चप्पल घातली की नाही येत. वरून रंग मारला की जाईल ना?

सोल्डरवाला:
आधी प्लग काढा. आत्ताच्या आत्ता. नंतर टाईप करा.

खर्ज:
रंग!!! 🙏

सोल्डरवाला:
तीन प्रश्न. १) घर किती जुनं, थ्री पिन सॉकेटमध्ये अर्थ खरंच येतो का? २) अर्थला जाणारे दोन कपॅसिटर कुठले, त्यांच्यावर काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा. ३) टीव्हीला केबलवाल्याची वायर आहे का?

चाळकरी_७८:
काढला प्लग. गिरगावातली जुनी चाळ, तिसरा मजला, वायरिंग वडिलांनी केलेलं. थ्री पिनच आहेत सगळे, म्हणजे अर्थ असणारच ना. कपॅसिटरवर १०४ आणि ६३० व्ही लिहिलंय, चॉकलेटी रंगाचे. दुकानदार म्हणाला वाय टू संपलेत, हे त्याच्याहून भारी, ६३० व्होल्टचे. सेट टॉप बॉक्स आहे, त्यातून टीव्ही, टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून ॲम्प. हे आधी सांगायचं राहिलं का?

सोल्डरवाला:
राहिलं 🙂

सापडलं बहुतेक. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. त्या जागी वाय टू जातीचा २.२ किंवा ४.७ नॅनोफॅरडचा लागतो, म्हणजे तुम्ही वीस ते पंचेचाळीस पट मोठा टाकलाय. आणि वायचा अर्थ असा की तो बिघडला तरी शॉर्ट होऊन पत्र्यावर फेज येऊ नये अशी त्याची बांधणी असते. साध्या फिल्म कपॅसिटरवर ६३० छापलं म्हणून ती खात्री येत नाही. आता अर्थ नसला तर हे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एकामागे एक बसतात आणि तुमचा पत्रा बरोबर मध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकतो. हात लावला तर सात मिलिअँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो, ओल्या लादीवर अनवाणी असाल तर ती झिणझिण नाही राहणार.

आणि मगाशी झिणझिण्या का नव्हत्या? कारण तोच करंट तुमच्या ऑडिओ वायरीच्या बाहेरच्या जाळीतून (शील्डमधून) टीव्हीत, तिथून सेट टॉप बॉक्समधून केबलच्या जाळीत आणि तिथून बाहेर जात होता. जाळीचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरला तरी साडेतीन मिलिव्होल्टचा ५० हर्ट्झ थेट इनपुटवर बसला. हाच तुमचा दुप्पट झालेला हम. कंडिशनरनेच वाढवला.

चाळकरी_७८:
च्यायला.

अभ्या७९:
पण अर्थ असतो ना ॲम्पला, त्याच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका, करंट फिरायचा लूप तुटतो. ऑडिओवाले सगळे करतात.

सोल्डरवाला:
असं कोणाला सांगत जाऊ नकोस रे बाबा. आत उद्या फेज बॉडीला टेकली तर फ्यूज उडणार नाही, माणूस उडेल.

गणपुले_काका:
आमच्या काळी नळाला अर्थ द्यायचे, कधी काही झालं नाही. बाल्कनीतून एक वायर नळाला बांधा की झालं.

सोल्डरवाला:
काका, तेव्हा नळ लोखंडी होते, जमिनीपर्यंत जायचे. आता मध्ये कुठेतरी पीव्हीसीचा तुकडा असतो, मग तो करंट खालच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याला भेटतो. आणि कोणी न्यूट्रल-अर्थ जंपर मारा, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडा, म्हणायच्या आत सांगतो, तेही नाही. न्यूट्रल सुटला की पत्र्यावर पूर्ण २३०.

गणपुले_काका:
ठीक आहे. आम्ही मेलो नाही एवढंच म्हणालो.

सुलभा_दादर:
मध्येच विचारते, माझ्या फ्रिजच्या दांड्यालाही अशाच मुंग्या येतात, मी खाली लाकडी पाट ठेवलाय, त्याच्यावर उभं राहिलं की काही होत नाही. ते चालेल ना?

खर्ज:
ताई, पाट तूर्त राहू द्या पण वायरमन उद्याच बोलवा. तुमचीही तीच गोष्ट दिसतेय, अर्थ नाही. पाटावर तुम्ही उभ्या राहाल, घरातलं लहान मूल नाही राहणार.

सोल्डरवाला:
चाळकरी, तुमचा बॉक्स बाजूला ठेवून वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या. नुसत्या मीटरवर जाऊ नका, डिजिटल मीटर तुटक्या वायरीवरही भुताचं व्होल्टेज दाखवतो. साठचा पिवळा बल्ब होल्डरला लावून फेज-न्यूट्रल आणि मग फेज-अर्थ. दोन्हीकडे सारखाच पेटला पाहिजे. घरात ईएलसीबी (करंट अर्थला गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल आणि अर्थ ठीक असेल तर दुसऱ्या वेळी तो ट्रिप होईल, घाबरू नका, ते चांगलं लक्षण.

मुलुंडचा_मोहन:
वायरमन येतोच आहे तर सर्व्होला वेगळा पॉइंट काढून घ्या.

चाळकरी_७८:
(मंगळवार) वायरमन येऊन गेला. बल्ब फेज-न्यूट्रलला झगझगीत, फेज-अर्थला मेलेला, फिलामेंट लालसुद्धा नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत होती, व्यवस्थित वेटोळं करून वर काळी टेप मारून ठेवलेली, कुठेच जोडलेली नाही. वडिलांच्या वेळेस कोणी केलं काय माहीत, मी लहानपणापासून त्याच सॉकेटवर इस्त्री करतोय. खाली मीटरपाशी अर्थची पट्टी होती म्हणून तिथून नवीन अर्थ वायर वर ओढली, ईएलसीबी पण बसवला. आता बल्ब लावला की खट्. चॉकलेटी कपॅसिटर काढून २.२ नॅनोचे वाय टू टाकले, पत्रा अर्थला नट-वॉशरने घट्ट केला. झिणझिण्या गेल्या. पण हम थोडा आहेच!! आता काय??

सोल्डरवाला:
किती थोडा?

चाळकरी_७८:
आधीच्या चार आण्याएवढा. गाणं लागलं की कळत नाही, दोन गाण्यांच्या मध्ये कळतो.

सोल्डरवाला:
आता तुमच्याकडे खरा अर्थ आहे आणि केबलच्या जाळीला कुठेतरी दुसरा. दोन अर्थ, मध्ये तुमची ऑडिओ वायर, हा साधा ग्राउंड लूप. सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा.

चाळकरी_७८:
काढली. स्मशानशांतता. पण आई ओरडली, तिची मालिका चालू होती, क्लायमॅक्सला काढली म्हणे.

खर्ज:
आईंची केबल राहू दे. टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट आहे का बघा, लाल उजेड दिसतो त्यात. छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करणारी डबी) घ्या, ऑप्टिकल इन आणि ॲम्पच्या ऑडिओ वायरीसाठी आरसीए आउट, तिथेच लॅमिंग्टन रोडला मिळतो. टीव्हीपासून डॅकपर्यंत काचेतून उजेड जातो, तांब्याचा संबंधच तुटतो, लूप संपला. नाहीतर केबलच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, तो सिग्नल जाऊ देतो पण तांब्याची जोडणी तोडतो.

अभ्या७९:
काच नाही, प्लास्टिक असतं बहुतेक वेळा. आणि ऑप्टिकलमध्ये जिटर, म्हणजे सिग्नलच्या वेळेतली थरथर, जास्त येतो.

खर्ज:
सासूसुनेच्या मालिकेत जिटर कोणाला ऐकू येणारे अभ्या.

चाळकरी_७८:
(शनिवार) चौथी फेरी झाली शेवटी. डॅक लावला, केबल चालू, मालिका चालू, व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊन कान स्पीकरला लावला, काही म्हणजे काही नाही. सगळ्यांचे आभार, सोल्डरवाला साहेब तुमचे विशेष. मग उत्सुकता म्हणून कंडिशनर काढून ॲम्प सरळ भिंतीत लावला. तरीही काही नाही 🙂

१० मिलिहेन्रीचा चोक, सहा सॉकेटचा पत्र्याचा बॉक्स, एक आठवडा वापरलेला, गिरगावात येऊन नेणार असेल तर सांगा.

सोल्डरवाला:
विकू नका, एमओव्ही आहे त्यात, पावसाळ्यात विजा कडाडल्या की उपयोगी पडेल. चॉकलेटी कपॅसिटर मात्र फेकून द्या, कोणाला देऊ नका.

सुलभा_दादर:
माझाही वायरमन येऊन गेला. सॉकेटमागे हिरवी वायरच नव्हती! पाट परत देवघरात गेला.

मुलुंडचा_मोहन:
बॉक्स कितीला देणार? सर्व्होच्या पुढे लावून बघेन म्हणतो.